डबा नका बघू, मेमरी बघा : ग्राफिक्स कार्डाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो होतो की ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्या आता गेम डोळ्यांसमोर ठेवून चिप आखत नाहीत, एआय डोळ्यांसमोर ठेवून आखतात, आणि गेमचं कार्ड त्यातूनच कापून निघतं. त्या एका वाक्यावर पत्रांचा पाऊस पडला. कुणी रागावलंय, कुणाला खरेदीच्या आधी घाबरायला झालंय. म्हणून यावेळी बाकी विषय बाजूला, सगळी जागा ग्राफिक्स कार्डालाच.

दादा, मुलगा यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेला. कॉम्प्युटर असेंबल करायचा म्हणून ऐकूनच नाही राहिला. म्हणतो, आई गेमसाठी नाही, एआय शिकायचंय. दुकानात एकाच नावाची दोन कार्डं दाखवली, आरटीएक्स ५०६० टीआय, एकात ८ जीबी आणि एकात १६. दुकानदार म्हणाला स्पीड सारखाच आहे, ८ वालं घेऊन टाका. दोन्ही डब्यांवर एआय लिहिलेलं आहे. काय घेऊ? आणि खरंच शिकेल का हो हा? (एक आई, सुदामा नगर, इंदूर)

काकू, दुकानदार खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. दोन्ही कार्डांतली चिप एकच आहे, तिचा वेग पण तोच. फरक मेमरीचा आहे आणि तुमच्या मुलाच्या कामात सगळा खेळ त्या मेमरीवरच आहे.

असं समजा की चिप म्हणजे स्वयंपाक करणारा हात आणि मेमरी म्हणजे ओटा. हात कितीही चपळ असू दे, ओट्यावर दोनच ताटं मावत असतील तर तिसरं ताट शेजारच्या खोलीतून आणावं लागणार. कार्डावरच्या मेमरीतून चिपला सेकंदाला ४४८ जीबी माल मिळतो. तिथली जागा संपली की माल कॉम्प्युटरच्या रॅममधून मागवावा लागतो, आणि हे कार्ड मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये सोळाऐवजी आठच लेन वापरतं, त्यामुळे बोर्ड जरा जुना असला, पीसीआयई ३ या जुन्या पिढीच्या स्लॉटचा, तर तिथून सेकंदाला जेमतेम ८ जीबी येतात. कुठे ४४८ आणि कुठे ८. मग गेम मध्येच अडखळतो, भिंतींवरची चित्रं धूसर दिसतात, आणि एआयचं मॉडेल तर चालायलाच नकार देतं नाहीतर इतकं हळू चालतं की मुलगा कंटाळून परत गेमच खेळत बसेल.

एआयचा हिशोब सोपा आहे, तुम्ही स्वतः करून बघा. आजकाल घरी चालवायला लोक जी छोटी मॉडेल घेतात त्यांत साधारण ८ अब्ज आकडे असतात, म्हणजे ८०० कोटी. एक आकडा १६ बिटांत ठेवला तर तो २ बाइट घेतो, झाले १६ जीबी. ८ बिटांत ठेवला तर ८ जीबी. ४ बिटांत दाबून बसवला तर ४ जीबी. आणि हे फक्त मॉडेल ठेवायला, त्यावर तुम्ही जे बोलता, विचारता, ते लक्षात ठेवायला वेगळी जागा लागते. म्हणजे ८ जीबीच्या कार्डात दाबलेलं छोटं मॉडेल चालेल, पण शिकायचं म्हणजे मॉडेलला स्वतः काहीतरी शिकवून बघायचं, त्याला याच्या कितीतरी पट जागा लागते, आणि तिथे ८ जीबी पहिल्याच महिन्यात संपतात.

बाजारात आली तेव्हा या दोन कार्डांच्या जाहीर किमतीत फक्त ५० डॉलरचं अंतर होतं, ३७९ आणि ४२९. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी आणि दुकानाचं मार्जिन लागून ते वाढतं. तरी माझं मत ठाम आहे, घ्यायचंच तर १६ वालंच घ्या, आणि बजेट बसत नसेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण मेमरी कमी करू नका, कारण प्रोसेसर पुढे बदलता येतो, कार्डावर मेमरी वाढवता येत नाही, ती सोल्डर केलेली असते.

आता तुमचा खरा प्रश्न, शिकेल का. काकू, कार्ड घ्यायच्या आधी त्याला एक महिना गूगल कोलॅबवर काम करू द्या. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, आणि फुकटातच बहुतेक वेळा १६ जीबीचं टी४ कार्ड तात्पुरतं वापरायला मिळतं. महिनाभरात त्यानं एक छोटं मॉडेल चालवून तुम्हाला दाखवलं तर कार्ड घेऊन द्या, बिनधास्त. आणि नाही दाखवलं तर गेमसाठी घ्यायचं की नाही हा तुमचा घरगुती निर्णय, त्यात मी पडत नाही. पण मला वाटतं दाखवेल, मुलं दाखवतात.

दादा, तुमचं वाचून डोकं गरम झालं. एआयची सगळी इमारत आमच्या, म्हणजे गेमरांच्या पैशावर उभी राहिली ना? वीस-पंचवीस वर्षं आम्ही कार्डं घेतली. मग आता आम्हालाच उरलंसुरलं का? गेमिंग कार्ड बंद होणार आहेत का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, भंवरकुआं)

तुझा राग बरोबर आहे मित्रा, आणि इतिहास पण तुझ्याच बाजूनं आहे.

१९९९ मध्ये एनव्हिडियानं, म्हणजे आरटीएक्सवाल्या कंपनीनं, जीफोर्स २५६ काढलं आणि जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. त्याचं काम एकच, गेममधल्या त्रिकोणांचं गणित प्रोसेसरकडून काढून स्वतः करायचं. स्क्रीनवर लाखो ठिपके, प्रत्येकाचं गणित जवळजवळ सारखं, म्हणून एक हुशार डोकं नको, साधी हजार डोकी एकदम कामाला लावा, हा तो विचार. २००६ च्या अखेरीस ८८०० जीटीएक्स आलं आणि त्याच्यासोबत कूडा जाहीर झालं, म्हणजे हीच हजार डोकी गेम सोडून दुसऱ्या गणिताला पण लावता येतील अशी सोय. आणि ही सोय फक्त महागड्या कार्डांत नाही, घरात गेमसाठी घेतलेल्या कार्डात पण दिली. माझ्या मते त्या कंपनीचा सगळ्यात मोठा निर्णय तोच, कारण त्यामुळे कुठल्याही कॉलेजातला पोरगा प्रयोग करू शकत होता.

आणि तसंच झालं. २०१२ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्कीनं, सोबत इल्या सुत्स्केव्हर आणि त्यांचे गुरू जेफ्री हिंटन, फोटो ओळखणारं अ‍ॅलेक्सनेट बनवलं. कशावर? दोन जीटीएक्स ५८० वर, गेमिंगचीच कार्डं, प्रत्येकी ३ जीबी. ती पण आईवडिलांच्या घरी, आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये. मॉडेल एका कार्डाच्या ३ जीबीत मावेना म्हणून त्यानं ते मधून चिरून दोन कार्डांवर ठेवलं. पाच-सहा दिवस ट्रेनिंग चाललं. बघ, तेव्हा पण अडचण मेमरीचीच होती. आज जे काही चाललंय त्याची ठिणगी तिथली.

पण पुढे पैसा कुठे गेला ते बघ. जानेवारी २०२२ ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची कमाई सुमारे २६.९ अब्ज डॉलर होती आणि त्यात गेमिंगचे सुमारे १२.५ अब्ज, जवळजवळ निम्मी. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एकूण कमाई १३०.५ अब्ज, त्यात डेटा सेंटरचे ११५ अब्ज, गेमिंगचे ११.३५. गेमिंग फारसं घटलं नाही हे लक्षात घे, बाकीचं इतकं फुगलं की त्याचा वाटा निम्म्यावरून नऊ टक्क्यांच्या आत आला. आता त्या कंपनीच्या जागी तू असतास तर इंजिनिअर कुठल्या कामाला बसवले असतेस?

म्हणून बंद होणार का, तर नाही, ११ अब्ज डॉलरचा धंदा कुणी बंद करत नाही, आणि एआयवर काम करणारी पुढची पिढी तुझ्यासारख्याच गेमिंग पीसीवर तयार होते हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण दिशा कोण ठरवतं, तर एआय ठरवतं. २०१७ मध्ये व्होल्टा नावाच्या चिपमध्ये टेन्सर कोअर आले, म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार करणारं खास यंत्र, ते डेटा सेंटरसाठी होतं. पुढच्याच वर्षी तेच टेन्सर कोअर आरटीएक्स २० मालिकेत गेमरांच्या हातात आले. आधी यंत्र आलं, मग गेममध्ये त्याचं काय करायचं ते शोधलं गेलं, आणि त्यातून डीएलएसएस निघालं, म्हणजे लहान चित्र काढून एआयनं ते मोठं करायची युक्ती. सुरुवातीचं डीएलएसएस धूसर होतं, २०२० ची दुसरी आवृत्ती खरंच चांगली झाली, आणि आज ते नसेल तर नवे गेम चालवणं कठीण. म्हणजे उरलंसुरलं आहे, पण त्याचा आपल्याला उपयोग झाला, हे पण मान्य करायला पाहिजे.

दुसरं एक कारण आहे ते कुणी फारसं बोलत नाही, सिलिकॉनच आता पूर्वीसारखं देत नाहीये. आधी दर दोन वर्षांनी ट्रान्झिस्टर लहान व्हायचे, तेवढ्याच जागेत जास्त काम, तेवढ्याच विजेत जास्त वेग. सगळ्यात वरची गेमिंग कार्डं घे, आरटीएक्स ४०९० आणि त्याच्या पुढचं ५०९०. दोन्ही टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या एकाच ४ नॅनोमीटरच्या घराण्यातली. ४०९० मध्ये १६,३८४ कोअर, ५०९० मध्ये २१,७६०, म्हणजे ३३ टक्के वाढ. आणि वीज ४५० वॅटवरून ५७५ वर, म्हणजे २८ टक्के वाढ. चिपचा आकार पण ६०९ वरून ७५० चौरस मिलिमीटर. जवळजवळ जितकी जास्त वीज आणि जितकी मोठी चिप तितकंच जास्त काम, फुकटचं जवळपास काहीच मिळालं नाही. मग कंपनी म्हणते, सगळे ठिपके खरे काढूच नका, काही काढा, बाकीचे एआयला अंदाजानं भरू द्या. हा मला लबाडीचा मार्ग वाटत नाही, दुसरा मार्गच नाही म्हणून घेतलेला मार्ग वाटतो.

लबाडी जिथे वाटते ते सांगतो. डब्यावर ‘एआय टॉप्स’ म्हणून आकडा असतो, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणितं होतात तो. ४०९० चा १,३२१ आणि ५०९० चा ३,३५२. वाटतं अडीचपट झालं. पण पहिला आकडा ८ बिटांच्या गणिताचा आहे आणि दुसरा ४ बिटांच्या. एकाच मापानं मोजलं तर ३,३५२ चे निम्मे १,६७६, म्हणजे वाढ सुमारे २७ टक्के. शेर बदलायचा आणि धान्य वाढलं म्हणायचं, हे बरोबर नाही. ४ बिटांचं गणित उपयोगाचं आहे, मॉडेल निम्म्या जागेत मावतं, पण तुलना करताना माप सांगायला हवं.

आणि मेमरी. तुझा सगळ्यात जास्त राग यावरच असायला हवा. २०२१ च्या आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी होती. २०२३ च्या ४०६० ला ८. २०२५ च्या ५०६० ला पण ८. हे कसं होतं ते समजून घे म्हणजे पुढच्या वेळी कुणी फसवणार नाही. मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटांच्या रस्त्यानं जोडतात. ३०६० चा रस्ता १९२ बिट, म्हणजे सहा चिप्स, प्रत्येकी २ जीबी, झाले १२. ४०६० चा रस्ता १२८ बिट, म्हणजे चारच चिप्स, झाले ८. १६ करायचे तर बोर्डाच्या मागच्या बाजूला पण चिप्स लावायच्या, ५०६० टीआयच्या १६ जीबीत हेच केलंय. रस्ता अरुंद का केला, तर मेमरीला जोडणारा चिपचा भाग नव्या तंत्रात फारसा लहान होत नाही, जागा खातो, म्हणून तो कमी करून कॅश, म्हणजे चिपच्या पोटातली छोटी मेमरी, वाढवली, ३०६० मध्ये ३ एमबी होती ती ४०६० मध्ये २४ एमबी झाली. गेमला हे चालतं. एआयला नाही चालत, कारण मॉडेल २४ एमबीत कुठून मावणार, त्याला प्रत्येक शब्दाला सगळी मेमरी वाचावी लागते.

आणि वरच्या टोकाला बघ, ५०९० मध्ये जी चिप आहे, ३२ जीबीवाली, तीच चिप आरटीएक्स प्रो ६००० मध्ये ९६ जीबी मेमरी लावून ऑफिसांना विकतात, किंमत कित्येक पट. चिप तीच. म्हणजे मेमरी ही आता तांत्रिक मर्यादा कमी आणि कुंपण जास्त झाली आहे, गेमर इकडे, एआयवाले तिकडे. माझं ऐकशील तर कंपनीवर रागावून गप्प बसू नको, ८ जीबीचं कार्ड घेणं बंद कर, मित्रांना पण सांग. विकलं गेलं नाही की मेमरी आपोआप वाढते.

विजय नगरला माझं गेमिंग कॅफे आहे, बारा मशीन. पोरं येतात ती जास्त करून व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक खेळतात, काही नवे मोठे गेम पण. सगळी कार्डं बदलायची म्हणतोय. ५० मालिकेत म्हणे एका फ्रेमच्या चार होतात. घेऊ का? (कॅफेचालक)

भाऊ, बारा कार्डं म्हणजे मोठी रक्कम, घाई करू नका.

फ्रेम म्हणजे स्क्रीनवरचं एकेक चित्र. फ्रेम जनरेशन म्हणजे काय, कार्ड दोन खऱ्या फ्रेम काढतं आणि मधल्या एआयनं भरतं. ४० मालिकेत, म्हणजे २०२२ मध्ये, एक मधली फ्रेम भरायचे, ५० मालिका २०२५ मध्ये आली तेव्हा तीनपर्यंत भरायला लागले. त्यात डीएलएसएसचा परफॉर्मन्स मोड लावला, म्हणजे १०८० चं चित्र ताणून ४के केलं, तर हिशोब असा होतो की ४के च्या एका फ्रेममध्ये ८३ लाख ठिपके, चार फ्रेमचे ३ कोटी ३२ लाख, आणि त्यातले खरे काढलेले फक्त २०.७ लाख. सोळातला एक. बाकी पंधरा अंदाज. आणि अंदाज बरेचदा इतका चांगला असतो की डोळ्याला कळत नाही, हे मी स्वतः बघून सांगतोय.

पण हाताला कळतं. मधली फ्रेम भरायची तर पुढची खरी फ्रेम आधी हातात पाहिजे, म्हणजे कार्डाला थोडं थांबावं लागतं. खऱ्या फ्रेम सेकंदाला ३० असतील तर दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद, तुम्ही १२० दाखवलेत तरी माउस हलवल्यावर जे वाटतं ते ३० चं वाटतं, किंबहुना त्याहून जरा जडच. खऱ्या ६०-७० असतील तर मग मजा येते. म्हणून माझा नियम असा, आधी खऱ्या फ्रेम ६० च्या वर न्या, मग वरून चढवा.

तुमच्या गिऱ्हाइकांचा विचार केला तर व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक खेळणाऱ्या पोराला मधल्या फ्रेमचा काडीचा उपयोग नाही, त्याला उशीर कमी हवा. ते गेम साध्या कार्डावर पळतात. त्यापेक्षा मॉनिटर चांगले घ्या, १४४ किंवा २४० हर्ट्झचे, पोरं त्यासाठी येतील. बारापैकी तीन-चार मशीनवर १६ जीबीची नवी कार्डं लावा, मोठ्या गेमसाठी, त्याचा रेट वेगळा ठेवा.

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग स्टेजवरून म्हणाले होते की ५४९ डॉलरचं ५०७० हे ४०९० एवढं काम देईल. ते याच भरलेल्या फ्रेम धरून. ४०९० मध्ये २४ जीबी आहे, ५०७० मध्ये १२. एवढं लक्षात ठेवलं की जाहिरात कशी वाचायची ते कळतं.

माझ्या आत्यानं जात्यावर म्हटलेल्या ओव्या आणि तिच्या तोंडून ऐकलेल्या होळकरांच्या वेळच्या गोष्टी, अशा तेवीस कॅसेटी माझ्याजवळ आहेत. त्या ऐकून लिहून काढायचं वय राहिलं नाही. नातू म्हणतो एआय लिहून देतं. पण घरचा आवाज कुठे बाहेर पाठवायची इच्छा नाही. घरातल्या कॉम्प्युटरला जीटीएक्स १६५० आहे, ४ जीबी. त्यावर होईल का? (निवृत्त बँक कर्मचारी, लोकमान्य नगर)

काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हे काम व्हायलाच पाहिजे.

होईल. तुमच्याच कॉम्प्युटरवर होईल, इंटरनेट बंद ठेवून होईल. ओपनएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं ऐकून लिहिणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यात मराठी आहे. त्याचे लहान-मोठे प्रकार आहेत. स्मॉलला सुमारे २ जीबी मेमरी लागते, मीडियमला ५, लार्जला १०. तुमच्या ४ जीबीत स्मॉल आरामात बसेल, आणि नातवाला सांगा ८ बिटांत दाबलेलं मीडियम लावून बघ, ते पण बसतं. तुमच्या कार्डात टेन्सर कोअर नाहीत म्हणून हळू चालेल, पण तुम्हाला कुठे घाई आहे, रात्री लावून झोपा, सकाळी चहा घेता घेता वाचा.

एक खरं सांगतो, व्हिस्परला मराठी येतं पण कच्चं येतं, आणि आपलं इंदुरी मराठी, मधे हिंदी, मधे माळवी, ते तर आणखी गडबडतं. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटानं भारतीय भाषांसाठी खास मॉडेल केलीत, इंडिककन्फॉर्मर नावाचं, ते पण खुलं आहे, दोन्ही लावून ताडून बघा. गोष्टी बऱ्यापैकी उतरतील. ओव्या गायलेल्या आहेत, आणि जात्याची घरघर पण असेल, त्या मॉडेलला अवघड जाणार, कारण ही मॉडेल मुख्यतः बोलण्यावर शिकलेली असतात. ओव्या तुम्ही स्वतः ऐकून लिहा, थोड्या थोड्या, आणि गोष्टी मशीनकडून घ्या. पण सगळ्यात आधी, आजच, कॅसेटी डिजिटल करून घ्या, फीत बुरशी धरते. दोन प्रती ठेवा, एक तुमच्याकडे, एक नातवाकडे.

तुमच्यासारख्यांमुळेच हार्डवेअरची एक नवी वाट निघाली आहे, म्हणून सांगतो. घरातला मजकूर बाहेर पाठवायचा नाही पण मोठं मॉडेल चालवायचं, अशा लोकांसाठी कंपन्या प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीवर बसवायला लागल्यात. एएमडीच्या रायझेन एआय मॅक्स प्लस ३९५ मध्ये १२८ जीबीपर्यंत मेमरी दोघांत मिळून असते. एनव्हिडियानं २०२५ मध्ये डीजीएक्स स्पार्क नावाचा छोटा डबा काढला, त्यात पण १२८. मोठं मॉडेल मावतं, पण रस्ता गेमिंग कार्डापेक्षा अरुंद, एकाचा २५६ आणि दुसऱ्याचा २७३ जीबी सेकंदाला. मॉडेल ४० जीबीचं असेल तर प्रत्येक शब्दाच्या तुकड्याला ते सगळं एकदा वाचावं लागतं, म्हणजे सेकंदाला फार तर सहा तुकडे. माणूस साधारण तेवढ्याच वेगानं वाचतो, चालून जातं. तुम्हाला हे घ्यायची गरज नाही काका, १६५० पुरे.

एएमडी आणि इंटेल स्वस्त पडतात, मग सगळे एनव्हिडियाच का सांगतात? (वैशाली नगर)

गेमसाठी सांगत असतील तर सवयीनं सांगतात. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी, मार्च २०२५ चं, १६ जीबी, जाहीर किंमत ५९९ डॉलर, चांगलं कार्ड आहे. डीएलएसएससारखं त्यांचं एफएसआर आहे, त्याच्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी पण एआय आणलं, चित्र आधीच्यापेक्षा स्पष्ट सुधारलं. इंटेलचं आर्क बी५८० तर डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला १२ जीबी घेऊन आलं, तेव्हा दुसरं कुणी एवढ्यात एवढी मेमरी देत नव्हतं. फक्त जुन्या प्रोसेसरसोबत ते मार खातं, मशीन नवीन असेल तरच.

एआय शिकण्यासाठी सांगत असतील तर त्यात तथ्य आहे. कूडाला जवळजवळ वीस वर्षं होत आली, जो कोड सापडतो तो आधी त्यावर चालतो. एएमडीचं कूडासारखं आरओसीएम सुधारतंय, पण नवशिक्याचा अर्धा वेळ इन्स्टॉल करण्यातच जातो, आणि शिकायच्या उमेदीत असलेल्या मुलाचा तो वेळ मला मोलाचा वाटतो. २०२० मध्ये एएमडीनं गेमची आणि डेटा सेंटरची रचना वेगळी केली होती, आरडीएनए आणि सीडीएनए, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनीच सांगितलं की दोन्ही परत एक करणार, यूडीएनए. म्हणजे डेटा सेंटरसाठी लिहिलेलं घरच्या कार्डावर पण चालेल. दोन घरं करून त्यांना जे नुकसान झालं ते त्यांना कळलं, आणि हे नीट पार पडलं तर स्पर्धा खरी होईल. मी त्याची वाट बघतोय.

आमच्याकडे मे महिन्यात खोलीत बसवत नाही. मोठं कार्ड घेतलं तर सप्लाय किती वॅटचा? वायर जळते म्हणतात ते खरं का? (पलासिया)

५०६० टीआयला १८० वॅट पुरतात, चांगल्या कंपनीचा ६५० चा एसएमपीएस भरपूर झाला. ५०९० ला एकट्याला ५७५ लागतात, कंपनी स्वतः १००० चा सांगते. आणि ते ५७५ वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतात, म्हणजे अर्धा रूम हीटर चालू ठेवून गेम खेळण्यासारखं, आपल्या बेचाळीस डिग्रीत. एसी नसेल तर मोठ्या कार्डाच्या नादी लागू नका, किंवा पॉवर लिमिट सत्तर-ऐंशी टक्क्यांवर ठेवा, कामात थोडाच फरक पडतो आणि उष्णतेत बराच. लांबचं काम रात्री लावा, माळव्यातली रात्र अजून बरी असते.

वायरचं खरं आहे. १६ पिनच्या नव्या कनेक्टरचे जळाल्याचे प्रकार २०२२ च्या अखेरीस पुढे आले, मोठ्या कार्डांवर. नंतर कनेक्टर सुधारला. तरी तो पूर्ण आत गेलाय का ते टॉर्च लावून बघा आणि कनेक्टरच्या अगदी जवळ वायर मुडपू नका.

थांबू की घेऊ? (चार पत्रं, चारही जणांचा हाच प्रश्न)

स्वस्त होईल म्हणून थांबत असाल तर थांबू नका. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तिघींना एआयच्या चिपसाठी थर रचून केलेली एचबीएम मेमरी विकण्यात जास्त नफा आहे, आणि तेवढ्याच जीबीसाठी एचबीएमला साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन लागतं. म्हणजे तिकडे एक जीबी वाढली की इकडे तीन कमी. २०२५ च्या शेवटी रॅम महाग झाली ती मुख्यतः यामुळेच, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रूशियल ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरची मेमरी पण याच कारखान्यांतून येते.

गरज असेल तर १६ जीबी बघून घ्या. बजेट कमी असेल तर जुनं ३०६० १२ जीबी, आणि एआयचं वेड खरंच असेल तर जुनं ३०९०, त्यात २४ जीबी आहे. जुनं घेताना एकटे जाऊ नका, माझ्या ओळखीच्या एकानं डबा बघून पैसे दिले आणि घरी येऊन बघतो तर आत वेगळंच कार्ड. आरएनटी मार्गावरच्या दुकानातून घ्या की कुणाच्या घरून, कार्ड मशीनमध्ये लावून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, नाव आणि मेमरी जुळते का बघा, मग अर्धा तास जड गेम चालवा, पंखे सगळे फिरतात का, स्क्रीनवर ठिपके उडतात का, तापमान किती जातं ते लिहून घ्या. ३०९० असेल तर मेमरीचं तापमान वेगळं बघा, तिथे चिप्स दोन्ही बाजूंना आहेत आणि मागच्या फार तापतात. आणि बिलावर सिरीयल नंबर घालून घ्या, कार्डावरच्या नंबरशी जुळवून, पैसे द्यायच्या आधी.